प्रेमच्या नावाचा पत्रा

१३ जानेवारी २०२६, मंगळवार

साप्ताहिकाने माझं विनोदी सदर बंद केलं त्याला आज महिना झाला. संपादक म्हणाले, "जयमालाताई, वाचक हसतात हे खरं, पण ज्यांना हसतात ते जाहिराती देतात." तेव्हापासून जीभ पडून आहे आणि घरात ती चालवायला नवरा एकच. म्हणून ही वही. इथे जाहिरातदार नाहीत.

काल जिजाऊ जयंती झाली. सिंदखेडराजाच्या रस्त्याला जेवढे चेहरे लटकले होते, त्यातले निम्मे आमच्या 'राजकुमार आर्ट्स'मधून गेलेले. राजकुमार म्हणजे आमचे हे. एके काळी साखरखेर्ड्यातली प्रत्येक पाटी यांच्या हातची असायची. मग फ्लेक्सचं मशीन आलं, यांचे ब्रश माळ्यावर गेले आणि मजकूर माझ्याकडे आला. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. माणूस कोणताही असो, मी त्याला तीन ओळींत थोर करून देते.

दुपारी अर्जुनराव आले. हे आमच्या भागातले 'भावी'. कशाचे भावी, ते निवडणुकीगणिक बदलतं. 'भावी' तेवढं माझ्या फाइलमध्ये कायम असतं.

"वहिनी, बारा मार्चले प्रेमले वर्ष होते. स्टँडच्या चौकाले 'शहीद प्रेम गाडेकर चौक' नाव देऊ. बोर्ड असा पायजे का एस.टी.तल्या मानसानं उठून पाह्यलं पायजे."

प्रेम हा निवृत्तीभाऊ आणि आशाबाईंचा एकुलता एक. वेल्डर होता, आमच्या फ्लेक्सच्या लोखंडी चौकटी तोच करायचा. रशियात गोदामात काम आहे म्हणून एका एजंटाने नेला. तिथे कळत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि तिसऱ्या महिन्यात पोरगा बंदूक घेऊन खंदकात. गेल्या मार्चमध्ये 'मृत' असा कागद आला. देह आला नाही. वय तेवीस.

मी म्हटलं, "भाऊ, सरकार त्याला शहीद म्हणत नाही."

"सरकार नाई म्हनत त आपन म्हनू. आपल्या बापाचं काय जाते?"

खरंच कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. मी ऑर्डर लिहून घेतली.

१६ जानेवारी, शुक्रवार

डिझाइन झालं. प्रेमचा फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे फक्त मानेपर्यंत. माझ्या कॉम्प्युटरवर 'फौजी बॉडी' नावाचं फोल्डर आहे, त्यात तीन धडं आहेत. सॅल्यूट करणारं घेतलं, छातीवर सहा मेडलं. मागे तिरंगा, एक रणगाडा, दोन हेलिकॉप्टर. वर 'बर्फात झुंजला वाघ सह्याद्रीचा'. आपल्याकडून सह्याद्री फार लांब, पण सातपुडा ओळीत बसत नाही.

खाली शोकाकुलांची रांग. ती अर्जुनरावांच्या वाढदिवसाच्या फाइलमधून उचलली, 'शुभेच्छुक' खोडून 'शोकाकुल' केलं. चौदा गोल चेहरे, सगळे हसरे. रंग थोडा उडवला की दुःखी दिसतात. माझं काम हे असं आहे. आणि ते मी चांगलं करते.

१९ जानेवारी, सोमवार

आज आशाबाई दुकानात आल्या. डिझाइन झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. पदराला हात पुसून स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"हे तोंड प्रेमचं हाय."

"हो."

"अन् हे आंग कोनाचं हाय?"

मी सांगितलं, तयार मिळतं, नेटवरून घेतलं.

"तयार म्हंजे? कोन्या तरी बाईच्या लेकराचंच असन ना हे?"

मी फोटोशॉप समजावायला लागले. मॉडेल, लेयर, काय काय. त्यांनी मला थांबवलंही नाही आणि ऐकलंही नाही. स्क्रीनवरच्या त्या धडाच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं. "इथं डाग व्हता त्याले. वेल्डिंगच्या ठिनगीचा. याले नाई."

मग ते बोट खाली उतरलं आणि शोकाकुलांवरून सरकायला लागलं. तांदळातले खडे बघावेत तसं, सावकाश. नवव्या चेहऱ्यावर थांबलं.

"हा काऊन?"

मी चेहरा मोठा करून पाहिला. गजेंद्र. अर्जुनरावांचा भाचेजावई. प्रेमला नेणारा एजंट. निवृत्तीभाऊंनी तक्रार दिल्यापासून तो गावात फिरकलेला नाही, पण वाढदिवसाच्या फाइलमध्ये मुक्कामी होता. प्रेमच्या पायाशी रंग उडवून हसत होता.

"जुनी फाइल होती, आशाबाई. चुकून..."

"नीळकंठ गुर्जी म्हनतात, देह नाई आला त पळसाच्या पानाचं आंग करून अग्नी देऊ. मले आधी कसंतरीच वाटलं व्हतं. आता वाटते, ते पानाचं आंग बरं. दुसऱ्याच्या लेकराचं त नसते."

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"हे नको लावू. चौकात खरं लागन त लाव, नाई त काईच नको. मी चौथी शिकेल हावो, वाचून पाह्यतो म्हनलं." आणि मशीनकडे बघत, "तुह्या दुकानातून समदंच छापून जाते ना बाई? भल्याचं बी, बुऱ्याचं बी."

मी म्हटलं, हो, एवढं मोठं मशीन जवळपास दुसऱ्या कुणाकडे नाही. कुणी कामाचं कौतुक केलं की मला पटकन उत्तर सुचतं.

२० जानेवारी

फाइल डिलीट केली. गजेंद्रची दोन-चार कामं मीही केलेली आहेत, पण कामं मी सगळ्यांचीच करते. त्यात काय.

खरं लिहायचं ठरवलंय. पंचवीस वर्षं लिहिते आहे, एक खरी पाटी लिहिणं काही अवघड नसावं.

२७ जानेवारी, मंगळवार

मजकूर घेऊन आशाबाईंकडे गेले. आठवडाभर घासून घासून लिहिला होता.

'गोदामाचा वायदा केला, बर्फामधल्या रणी नेला. भावी सगळे फोटोपुरते, आईचा पदर कोणी पाहिला?' अशा आठ ओळी. अर्जुनरावांना तीन चिमटे, गजेंद्रला दोन, सरकारला एक. सदर बंद करणाऱ्या संपादकांनाही जाता जाता एक लावला होता.

त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मी तोंडाकडे बघत बसले, हसतात कुठे ते.

"चांगलं हाय," म्हणाल्या. "लोक हसतीन."

"हसतील आणि विचार करतील."

"याच्यात तू लय दिसून राह्यली बाई. प्रेम कुठी हाय?"

एवढ्या वर्षांत कोणत्याही संपादकाने माझा मजकूर असा कापला नव्हता. मी रागाने चहा अर्धा टाकून उठणार होते. तेवढ्यात त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. हरियाणातला एक पोरगा प्रेमबरोबर होता, तो सुटून आला. दिवाळीत त्याचा फोन आला होता. त्याने सांगितलं, खंदकात थंडीने बोटं काळी पडत होती, तेव्हा प्रेमने तेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून त्याची शेगडी केली. ना वेल्डिंगचं मशीन, ना रॉड. नऊ जण तिच्याभोवती शेकायचे. तो पोरगा त्या नवांतला.

"बंदूक कशी चालोत होता ते त्यानं नाई सांगितलं, मी बी नाई इचारलं," आशाबाई म्हणाल्या. "शेगडीचं लिही."

चहा संपवला. वहीत लिहिलं: डबा, नऊ जण.

४ फेब्रुवारी, बुधवार

गाडेकरांच्या अंगणात आज पळसाची पानं सावलीत पसरली होती. फाल्गुनात पळसाला फूलच राहतं, पान मिळत नाही, म्हणून निवृत्तीभाऊ माघातच आणून ठेवताहेत. तीनशे साठ लागतात. ते एकेक पान पुसत होते आणि अर्जुनराव समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"या वहिनी. तुमीच सांगा आता यायले," अर्जुनराव म्हणाले. "शहीद लिहिलं त काय वाईट? शाळेची पोरं सलामी देतीन. सव्वीस जानेवारीले माय झेंडा फडकवन. अन् आशाबाई म्हनतात 'वेल्डर' लिहा! वेल्डरले कोन सलामी देते?"

"तुमच्या बोर्डांना त्यानेच उभं केलं होतं भाऊ. एखादी दिली असती तर चाललं असतं."

"तुमचं तोंड म्हंजे ना!" ते हसले. वाईट माणूस नाही. त्यांना खरंच वाटतं की ते या घराला काहीतरी देताहेत. तेच अवघड आहे. "अन् गजेंद्रचं म्हनान तर, त्याले बी तिकडं फशिवलं. त्याचं नाव कुठी येऊ देऊ नका."

मी निवृत्तीभाऊंकडे बघितलं. ते पानाकडे बघत म्हणाले, "वहिनी, मले बी शहीदच पायजे."

आशाबाई आत भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं.

"लोक काय म्हनतात म्हाईत हाय ना? पैशासाठी गेला म्हनतात. दुसऱ्याच्या लढाईत भाड्यानं मेला म्हनतात. पारावर बसलो त मी ऐकतो. शहीद लिहिलं त तोंडं त बंद होतीन त्यायची."

आशाबाई दारात आल्या, हात पिठाचे. म्हणाल्या, "तोंडं बंद होतीन, अन् दुसऱ्याची पोरं जातीन. शहीद व्हायले कोन नाई म्हनते?"

निवृत्तीभाऊंनी पुढचं पान पुसायला घेतलं. अर्जुनराव जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढची निवडणूक आहे, पन्नास गावांचे बोर्ड आहेत, विचार करा. मी म्हटलं, करते. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "विचार कशाचा करायचा?" पुढे काही नाही. माझ्या घरात शब्द मीच वापरते.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. दुकान बंद, उपास, वेळ भरपूर. चार दिवस मजकुरावर बसले आहे आणि एक ओळ पुढे सरकत नाही. का सरकत नाही ते मला माहीत आहे. लिहूनच टाकते.

'परदेशात सुवर्णसंधी! हेल्पर, वेल्डर, फिटर. स्वप्नांना पंख द्या!' हा फ्लेक्स मी छापला. 'स्वप्नांना पंख द्या' ही ओळ गजेंद्रची नाही, माझी. त्याने 'माणसे पाहिजेत' एवढंच आणलं होतं. मी म्हटलं, अरे, थोडी चमक पाहिजे.

फ्लेक्स दुकानात वाळत घातला होता तेव्हा प्रेम चौकट घेऊन आला. उभा राहून वाचला. "काकू, खरं असते का हे?"

मी म्हणाले, "मी छापलंय म्हणजे खरंच असणार की!"

उपरोधाने म्हणाले होते. तो हसला. मला वाटलं, कळलं त्याला.

आशाबाईंना यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायचं काही कारणही नाही. ओळ माझी होती असं कुठे लिहिलेलं नाही. या वहीशिवाय.

५ मार्च, गुरुवार

फ्लेक्स नको, असं हे म्हणाले. दोन उन्हाळ्यांत रंग उडून जातो. यांनी आपणहून लोखंडी पत्रा आणला, गंज धरू नये म्हणून आधी रेडऑक्साइड मारून वर पांढरा रंग दिला, आणि माळ्यावरचे ब्रश काढून दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवले. हात थोडा थरथरतो. मी म्हटलं जमेल का, तर म्हणाले, "अक्षर मोठं ठेवतो."

दुपारी निवृत्तीभाऊ आले. पत्र्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं, शहीदच्या मागणीसाठी आले असतील.

"गुर्जीनं काल मांडनी सांगितली," ते म्हणाले. "डोक्याले चाळीस पानं. गळ्याले दहा. हाताले इतकी, पायाले इतकी. समद्या आंगाचा हिशेब हाय त्यायच्या पोथीत." बिडी काढली, पेटवली नाही. "वहिनी, मेडलले एक बी पान नाई."

बिडी परत खिशात ठेवली.

"आशा म्हनते तसंच लिहा. पारावर काय म्हनतीन ते मी ऐकून घेईन. आजवर ऐकलंच ना."

हे तोवर ब्रश निथळत उभे होते. म्हणाले, "सांग, काय लिहू."

मी सांगत गेले, हे लिहीत गेले. पहिल्यांदाच असं झालं की एका ओळीलाही चमक द्यावीशी वाटली नाही. खाली चार बोटं जागा उरली. तिथे दरवेळी दुकानाचं नाव येतं.

"नाव घालू?" यांनी विचारलं.

"घाला. त्याच्या आधी एक ओळ आहे."

ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ब्रश बुडवला. ओळ लिहून झाली, मग खाली दुकानाचं नाव घातलं.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी विधी झाला. पानांचा देह निवृत्तीभाऊंनी दोन्ही हातांवर उचलून नेला. हलका असतो, तरी ते वाकून चालत होते. वाळलेली पानं, लगेच पेटली. आशाबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या.

दहाला चौकात. पत्रा पहाटेच खांबांना नटबोल्टांनी आवळून ठेवला होता, वर चादर. अर्जुनराव आले, हार आला, माइक आला. शाळेच्या पोरांची रांग लागली. अर्जुनरावांनी मला हळूच विचारलं, "शहीद हाय ना वहिनी?" मी म्हटलं, "वाचा ना भाऊ. आशाबाईच वाचणार आहेत."

आशाबाईंनी चादर ओढली. माइक बाजूला सारला आणि पत्र्यावर बोट ठेवत, चौथीतल्या मुलीसारखं, वाचायला लागल्या.

"प्रेम निवृत्ती गाडेकर. वेल्डर. वय तेवीस. गोदामात काम आहे म्हणून परदेशी नेला. तिथे शिपाई केला. दुसऱ्यांच्या लढाईत मारला गेला. थंडीत त्याने तेलाच्या डब्याची शेगडी केली. नऊ जण शेकले. त्याचा देह आला नाही. जो कागद कळत नाही, त्यावर सही करू नका."

चौकात एस.टी. उभी होती, तिचं इंजिन कंडक्टरने बंद करायला लावलं. बोट खाली सरकलं.

"त्याला नेणारी जाहिरात आम्ही छापली होती. त्यातली ओळ जयमाला यांनी लिहिली. राजकुमार आर्ट्स, साखरखेर्डा."

आवाज तोच. कमी नाही, जास्त नाही. वाचून झाल्यावर त्यांनी बोट पदराला पुसलं.

अर्जुनराव हार घेऊन तसेच उभे होते. मग पुढे झाले, पत्र्याला हार घातला आणि न बोलता गाडीत बसले. भावी माणसाला न बोलता जाताना मी पहिल्यांदा पाहिलं. पन्नास गावांचे बोर्ड त्याच गाडीतून गेले. जाऊ देत.

पांगापांग झाली. मी आशाबाईंपुढे उभी राहिले.

"मले म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यानं त्या जाहिरातीचा मोबाइलवर फोटो काढून आनला व्हता. रंग वला व्हता अजून. 'काकू म्हने खरं हाय,' असं म्हनला."

"मग वर्षभर बोलल्या का नाहीत? तोंडात मारायची होती माझ्या."

"तुह्या तोंडात मारून मले काय भेटनार व्हतं? तू लिहते का नाई, ते पाहून राह्यली व्हती." मग चादरीची घडी घालत, "लिहिलं नसतं त मी चादर वढनार नव्हती."

माफ केलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

१६ मार्च, सोमवार

तीन दिवस दुकानात गिऱ्हाईक नाही. माणसं बाहेरून बघून जातात, मी आत आहे की नाही ते.

दुपारी एक अनोळखी फोन आला. जळगाव जामोदकडचा शेतकरी होता. कुणीतरी पत्र्याचा फोटो पाठवला, म्हणाला. खालचं दुकानाचं नाव वाचून नंबर शोधला.

"असाच एक पत्रा आमच्या गावाले पायजे. स्टँडवर लावायचा हाय."

मी वही ओढली. "कोण गेलं तुमचं? नाव, वय सांगा."

"गेलं नाई कोनी."

"मग?"

"तो गजेंद्र आता इकडं आला हाय ना बाई. आमच्या गावची चार पोरं पासपोर्ट काढून बसली. माह्या बी त्यातला एक. माह्यं ऐकत नाई, वाचन त ऐकन."

मी स्टँडच्या भिंतीचं माप विचारून घेतलं. यांना सांगितलं, तर हे पत्रा आणायला उठलेच. मग आशाबाईंना फोन केला. त्यांच्या मुलाचं नाव परक्या गावात लावायचं, तर विचारायला हवं.

"लावा," त्या म्हणाल्या. "तिथं लोकायले वाचून कोन दाखवनार?"

"तिथलंच कुणीतरी."

"नको. एस.टी. किती वाजता हाय ते सांग. आमी दोघं येतो."